दगड नुसता तडकला की सरकला? भ्रंश ओळखण्याची सविस्तर रीत

घाटातल्या रस्त्यासाठी डोंगर नुकताच कापलेला असतो. काळ्या दगडात वरून खालपर्यंत एक तिरकी फट दिसते, फटीत लाल माती उतरलेली असते आणि ट्रेकच्या गटातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "ही बघा फॉल्ट लाइन!" शिकाऊ असताना मीही असंच म्हणालो होतो. बरोबरच्या सरांनी एवढंच विचारलं, "काय सरकलंय?" मी फटीच्या दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा पाहिल्या. काहीच सरकलं नव्हतं.

भ्रंशाची सगळी व्याख्या त्या प्रश्नात आहे. दगडाला तडा गेला आणि दोन्ही बाजू जागच्या जागी राहिल्या, तर तो नुसता सांधा. तड्याच्या सपाट पृष्ठभागावरून (पुढे मी त्याला पातळी म्हणेन) एक बाजू दुसरीला घासून पुढे गेली, तर भ्रंश. शाळेच्या पुस्तकात याला प्रस्तरभंग म्हणतात, काही ठिकाणी विभंग, बातम्यांत फॉल्ट. मी भ्रंश म्हणेन, कारण त्यात जागेवरून ढळल्याचा अर्थ आहे.

घरात करून पाहा: भ्रंश तयार कसा होतो

डोंगरावर जाण्याआधी एक दुपार स्वयंपाकघरात घालवा. लांबट, पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. त्याच्या रुंदीत घट्ट बसेल असा पुठ्ठा कापून मधोमध उभा करा. दोन्ही बाजूंना बारीक कोरडी वाळू आणि मैदा यांचे आलटून पालटून पातळ थर द्या. एका थरात हळद मिसळली तर पुढे ओळखायला सोपं जातं. थर दाबू नका. आता पुठ्ठा उभाच ठेवून हळूहळू एका बाजूला तीन-चार सेंटिमीटर सरकवा आणि डब्याच्या बाजूने पाहत राहा.

पुढच्या बाजूला, जिथे वाळू दाबली जाते, तिथे थर एकमेकांवर चढतात. तयार होणारी फट बऱ्यापैकी आडवी, साधारण ३० अंशांच्या आसपास कललेली असते. मागच्या बाजूला जागा मोकळी होते, तिथे थर खाली घसरतात आणि ही फट चांगली उभी, ६० अंशांच्या जवळ असते. पुठ्ठा एकच, हातही एकच, पण दाब आणि ताण यांनी दोन वेगळ्या जातीचे भ्रंश दिले. हे कोन का येतात याची मांडणी स्कॉटिश भूवैज्ञानिक अर्नेस्ट अँडरसन यांनी १९०५ साली केली. जमिनीच्या पृष्ठभागाला वरची हवा घासून ओढत नाही, म्हणून पृष्ठभागाजवळ दाबाची एक मुख्य दिशा उभी आणि दोन आडव्या असतात. उभा दाब सर्वांत जास्त असेल तर जमीन खचते, उभा दाब सर्वांत कमी असेल तर थर एकमेकांवर चढतात आणि तो मधला असेल तर दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात.

तिसरा प्रकार डब्यात दिसत नाही. त्यासाठी दोन पाट्या शेजारी शेजारी ठेवा, दोन्हींवर मिळून ओल्या शाडूचा बोटभर जाड थर पसरा आणि एक पाटी दुसरीला लागून हळूच पुढे ढकला. एक सलग सरळ चीर पडेल असं वाटतं, पण सुरुवातीला तसं होत नाही. आधी छोट्या छोट्या तिरक्या चिरा एकामागे एक, रांगेत उमटतात. नंतर त्या एकमेकींना जोडल्या जातात. ही तिरक्या चिरांची रांग लक्षात ठेवा, पुढे कोयनेला ती परत भेटणार आहे.

भ्रंश एका दिवसात लांब होत नाहीत. छोटे भ्रंश टोकांनी वाढत जातात, शेजारच्याला मिळतात, त्यातून मोठा होतो. सरकण मध्यभागी सर्वांत जास्त आणि टोकाकडे शून्य. म्हणून एका ठिकाणी थर पाच मीटर सरकलेला दिसला आणि दोन किलोमीटरवर तोच थर अखंड दिसला, तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. भ्रंश वाटेत संपला असेल.

सरकतो कसा

यालाही एक साधा प्रयोग आहे. खरखरीत फरशीवर वीट ठेवा, तिला लांब रबर बांधा आणि रबर सावकाश, एकसारख्या गतीने ओढत राहा. वीट हलत नाही, रबर ताणत जातं, मग वीट एकदम हिसका देऊन सरकते आणि पुन्हा थांबते. तुमचा हात एकसारखा चाललेला असतो, वीट मात्र धक्क्याधक्क्याने जाते.

रबराच्या जागी कित्येक किलोमीटर दगड घाला. दगड लवचिक असतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला, कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास भ्रंश सुमारे ४७० किलोमीटर लांबीत फुटला आणि रस्ते, कुंपणं तुटून बाजूला गेली, जास्तीत जास्त सहा मीटरच्या आसपास. अमेरिकन भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी फील्डिंग रीड यांनी भूकंपापूर्वीच्या आणि नंतरच्या सर्वेक्षणांची मोजमापं ताडून पाहिली. भ्रंशापासून दूरची जमीन आधीपासूनच हळूहळू सरकत होती, फक्त भ्रंशावरची जागा अडकून बसली होती. भूकंपात ती अडकलेली जागा सुटली आणि वाकलेला दगड सरळ झाला. १९१० मध्ये त्यांनी मांडलेला हा प्रत्यास्थ प्रतिक्षेपाचा सिद्धांत आजही पाया धरला जातो.

सगळे भ्रंश असे हिसके देतात असं नाही. कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड भ्रंशावर काही ठिकाणी फुटपाथच्या कडा दरवर्षी काही मिलिमीटर सरकत वाकड्या होतात, भूकंपाशिवाय.

इथे एक हिशेब करून ठेवण्यासारखा आहे. लांबी, रुंदी आणि सरकण माहीत असेल तर भूकंपाचा आकार काढता येतो. समजा, २० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर खोलवर गेलेला पट्टा अर्धा मीटर सरकला. क्षेत्रफळ २० कोटी चौरस मीटर. त्याला सरकण ०.५ आणि दगडाचा ताठरपणा ३,००० कोटी पास्कल यांनी गुणलं की ३ वर १८ शून्यं एवढा आकडा येतो. त्याचं लॉगरिदम १८.४८, त्यातून ९.१ वजा करून दीडने भागा. उत्तर ६.२५. अर्धा मीटर म्हणजे दोन वीत आणि थोडं वर. तेवढ्या सरकण्याने सहाच्या वरचा भूकंप होतो. उलट, पुराव्यात एखादा थर शंभर मीटर सरकलेला सापडला तर तो एका भूकंपात गेलेला नाही. मध्ये अनेक धक्के होऊन गेले आहेत. कॅलिफोर्नियातला वॉलेस क्रीक हा ओढा सॅन अँड्रियासवर काटकोनात वळतो, भ्रंशाबरोबर सुमारे १३० मीटर जातो आणि पुन्हा वळतो. एवढं वळण पडायला सुमारे ३,७०० वर्षं लागली. भागाकार केला तर वर्षाला साडेतीन सेंटिमीटर. नखं वाढण्याचा वेगही याच घरातला.

आतली रचना: जात्याच्या दोन दगडांमध्ये काय असतं

नकाशावर भ्रंश एका रेघेने काढतात, त्यामुळे तो रेघेसारखाच असेल असा समज होतो. जमिनीत तो पट्टा असतो. मधोमध गाभा असतो, काही सेंटिमीटर ते काही मीटर जाडीचा. बहुतेक सरकण इथेच होते आणि दगड जात्यात घातल्यासारखा दळला जातो. अगदी बारीक दळला की त्याला गाउज म्हणतात. ओला झाला की बोटांना साबणासारखा बुळबुळीत लागतो. टोकदार तुकडे तसेच राहून पुन्हा एकमेकांना चिकटले तर तो ब्रेशिया. फार वेगाने सरकून दगड क्षणभर वितळला तर काळ्या काचेसारखे पातळ धागे राहतात. हे क्वचितच दिसतात. दिसले तर त्या जागेवर प्राचीन भूकंप झाल्याची ती जवळजवळ सही असते.

गाभ्याच्या दोन्ही बाजूंना तडकलेल्या दगडाचा रुंद पट्टा असतो. गाभ्याकडे जावं तसे तडे दाट होत जातात. भ्रंश लपलेला असला तरी हा पट्टा चुगली करतो: दर मीटरला किती तडे आहेत ते मोजत चला, आकडा अचानक वाढू लागला तर गाभा जवळ आला.

या रचनेचा विहीर खोदणाऱ्याशीही संबंध आहे. तडकलेल्या पट्ट्यातून पाणी भ्रंशाच्या लांबीला धावतं, पण गाभ्यातलं मऊ पीठ त्याला आडवं जाऊ देत नाही. म्हणून भ्रंशाच्या एका अंगाची विहीर भरलेली आणि पन्नास पावलांवरची कोरडी, असं होऊ शकतं.

डोंगरावर जाण्याआधी

घरी बसून अर्धं काम होतं. इस्रोच्या भुवन पोर्टलवर उपग्रहचित्र पाहा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोशवर त्याच भागाचा भूशास्त्रीय नकाशा उघडा. सरळ रेषेत जाणाऱ्या नद्या, एकाच ओळीत एकाच बाजूला वळलेले ओढे, ओळीने असलेले झरे शोधा. कोकणात पालघरपासून राजापूरपर्यंत गरम पाण्याचे झरे किनाऱ्याला समांतर पट्ट्यात येतात. खोलवरच्या भेगांशिवाय पाणी एवढं खाली जाऊन तापून वर येणं अवघड आहे. पण हा संशय झाला, पुरावा नव्हे. उपग्रहचित्रातल्या प्रत्येक सरळ रेघेला भ्रंश म्हणण्याची सवय फार बोकाळली आहे.

जायचं होळीच्या सुमारास. गवत वाळलेलं असतं, कातळ उघडा पडलेला असतो. पावसाळ्यात घाटातल्या ताज्या कापाखाली उभं राहू नका, आणि खाणीत विचारल्याशिवाय शिरू नका. बरोबर होकायंत्र, कोन मोजायचं साधन (फोनवरचं चालतं), पाण्याची बाटली, मोजपट्टी, वही आणि खुणेसाठी एक नाणं.

पायरीने तपासणी

सगळ्यात आधी खुणेचा थर शोधा. दख्खनच्या पठारावर हीच मुख्य अडचण आहे. लाव्हाचे प्रवाह एकावर एक साचलेले, सगळे काळे, सगळे सारखे. दोन प्रवाहांच्या मध्ये कधीकधी विटकरी लाल मातीचा थर असतो. फटीच्या डावीकडे हा थर एका उंचीवर आणि उजवीकडे दुसऱ्या उंचीवर दिसला की हुरूप येतो. तिथेच थांबा. एका डोंगरात असे लाल थर अनेक असतात, आणि तुम्ही पाहिलेले दोन तुकडे दोन वेगळ्या थरांचे असू शकतात. नुसता लाल रंग जुळवू नका, वरखालचा क्रम जुळवा: लाल थरावर भोकाभोकांचा दगड आहे का, त्यावर घट्ट दगड किती मीटर, कुठे मोठमोठ्या पांढुरक्या फेल्स्पार स्फटिकांचा प्रवाह आहे का. सह्याद्रीत हा मोठ्या स्फटिकांचा बेसाल्ट खुणेसाठी फार उपयोगी पडतो. निदान तीन गोष्टींचा क्रम दोन्ही बाजूंना तसाच जुळला तरच पुढे जा.

मग पातळीचा कल मोजा. फटीचा उघडा पृष्ठभाग सापडला की त्यावर बाटलीतलं थोडं पाणी ओता. पाणी ज्या दिशेने सरळ खाली ओघळतं ती नतीची दिशा, त्या ओघळाचा आडव्याशी झालेला कोन म्हणजे नती, आणि ओघळाला काटकोनातली आडवी रेघ म्हणजे नतिलंब. एक सावधगिरी: बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिजं असतात, त्यामुळे होकायंत्र किंवा फोन कातळाला टेकवला तर दिशा चुकू शकते. चार पावलं मागे येऊन, नजरेने रेघ धरून पुन्हा मोजा. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा मोजा.

आता वर कोण, खाली कोण. तिरक्या पातळीच्या वर टेकलेला तो वरचा ठोकळा. वरचा खाली घसरला असेल तर सामान्य भ्रंश, वर चढला असेल तर व्युत्क्रम. पातळी अगदी उभी असेल तर हा प्रश्नच लागू होत नाही. आडवी सरकण तपासायची तर एका बाजूला उभे राहून पलीकडे पाहा: पलीकडची बाजू डावीकडे गेलेली दिसली तर भ्रंश डावा. पलीकडे जाऊन इकडे पाहिलंत तरी उत्तर डावंच येतं. पहिल्यांदा हे कुणालाच पटत नाही, कागदाचे दोन तुकडे घेऊन पाहा.

यानंतर मला सर्वांत आवडणारा भाग: पृष्ठभाग हाताने वाचणं. घासलेल्या भ्रंशतलावर चकाकी आणि समांतर ओरखडे असतात, त्याला स्लिकनसाइड म्हणतात. ओरखड्यांची दिशा म्हणजे सरकण्याची दिशा. पण वर की खाली? डोळे मिटून तळहात ओरखड्यांच्या बाजूने दोन्हीकडे फिरवा. एका बाजूला गुळगुळीत लागेल, उलट बाजूला बारीक पायऱ्या अडतील. खनिजाच्या तंतूंनी बनलेल्या पायऱ्या असतील तर हात ज्या बाजूला गुळगुळीत जातो, त्या बाजूला समोरचा, आता नाहीसा झालेला ठोकळा गेलेला असतो. दगड नुसताच तुटून झालेल्या पायऱ्या मात्र फसवतात, म्हणून एकाच पायरीवर निकाल देऊ नका. दहा ठिकाणी पाहा. आणि ओरखडे फक्त शेवटची सरकण सांगतात. आधीच्या पुसल्या गेलेल्या असतात.

शेवटी मोजमाप. खुणेचा थर ६ मीटर खाली उतरला आणि भ्रंशाची नती ६० अंश असेल, तर पातळीवरून प्रत्यक्ष घसरण ६ भागिले ०.८६६, म्हणजे ६.९ मीटर. जमीन आडवी ताणली गेली ती ६ भागिले १.७३, सुमारे साडेतीन मीटर. हे गणित ओरखडे सरळ खाली जाणारे असतील तेव्हाच खरं. ओरखडे तिरके असतील तर एकूण सरकण याहून मोठी असते, आणि ओरखडे न पाहता थर किती खाली उतरला तेवढंच मोजणाऱ्याच्या वहीत ती कधीच येत नाही.

तोतये

खांबासारखे उभे षटकोनी तडे लाव्हा थंड होताना आकसल्याने पडतात, त्यात सरकण नसते. धुळे-नंदुरबारकडे शेतातून भिंतीसारख्या उभ्या जाणाऱ्या काळ्या रांगा म्हणजे डाइक, भेगेत चढून थिजलेला शिलारस. भेग रुंदावली, बाजू घासल्या गेल्या नाहीत. लाव्हाच्या जिभेची गोल कड दुसऱ्या प्रवाहाला टेकते तिथेही थर तुटल्यासारखा दिसतो. दरड सरकली की ओरखडे, चकाकी, पायऱ्या सगळं मिळतं, पण ती पातळी चमच्यासारखी वाकून डोंगराच्या पायथ्याशी बाहेर येते, खोल जात नाही.

सर्वांत मोठा तोतया म्हणजे खुद्द सह्याद्रीचा कडा. कोकणातून पाहिलं की भिंत एकदम खचल्यासारखी वाटते आणि 'पश्चिमेची जमीन भ्रंशाने खचली' हे वाक्य अनेकांच्या तोंडी असतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटू लागला तेव्हा किनाऱ्याजवळ आणि समुद्रात भ्रंश पडले, हे खरं. पण आजचा कडा त्या भ्रंशावर उभा नाही. झीज होत होत तो पूर्वेकडे मागे हटत आला आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पनवेलजवळ लाव्हाचे थर पश्चिमेकडे कललेले दिसतात. तिथेही थर आधी वाकले आहेत, तुटले कुठे ते शोधावं लागतं.

कोयना आणि किल्लारी

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनेच्या ६.३ क्षमतेच्या भूकंपाने दोनशेच्या आसपास माणसं गेली आणि कोयनानगर जमीनदोस्त झालं. दोनाचीवाडा परिसरात जमिनीवर भेगा उमटल्या त्या उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैर्ऋत्येकडे, आणि एकामागे एक तिरक्या, शाडूच्या थरावर उमटतात तशा. भूकंपलहरींनीही डावी आडवी सरकणच सांगितली. दक्षिणेला वारणेकडे मात्र जमीन खचवणारे सामान्य भ्रंश सापडतात. वीस-तीस किलोमीटरच्या परिसरात दोन प्रकार.

धरण १९६२ मध्ये भरू लागलं, आणि तेव्हापासून इथे पाचपेक्षा मोठे वीसहून अधिक भूकंप झाले. पाण्याच्या ओझ्याने दगड फुटला, असं गावात ऐकू येतं. आकडे पाहा: शंभर मीटर पाणी म्हणजे हवेच्या दाबाच्या दहापट, आणि पाच किलोमीटर खोलीवर वरच्या दगडाचाच दाब सुमारे तेराशेपट. ओझं त्यामानाने किरकोळच. पण तडकलेल्या पट्ट्यातून खोलवर पोचलेला पाण्याचा दाब भ्रंशाच्या दोन बाजूंना किंचित दूर लोटतो, घर्षण कमी होतं आणि आधीच ताणलेली वीट सुटते. हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी गोठणे इथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) लागले. वर ज्याला आपण कातळ म्हणतो ते नुसतं पांघरूण आहे. मोठे भ्रंश त्याखाली आहेत.

किल्लारीला तर वर काहीच खूण माहीत नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन. ६.२ क्षमता, सुमारे दहा हजार मृत्यू, आणि त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. बेसाल्टची जाडी इथे साधारण ३४० मीटर. खालचा व्युत्क्रम भ्रंश वर चढला आणि शेतात हातभर उंचीचे उंचवटे उठले. पावसाने आणि नांगराने असा उंचवटा किती वर्षं टिकतो? म्हणून जुना भ्रंश पृष्ठभागावर न दिसणं हा तो नसल्याचा पुरावा धरू नका. अशा जागी खंदक खणून पाहतात: भ्रंशाने वरची काळी माती कापली असेल तर तो मातीपेक्षा नवा, माती अखंड असेल तर मातीपेक्षा जुना.

वहीत नोंद करताना जागा, तारीख, नतिलंब, नती, ओरखड्यांची दिशा, गाभ्याची जाडी आणि खुणेच्या थराचा क्रम लिहा. शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या आणि फोटोत उत्तर दिशा कुठे ते टिपा. सरकण सापडली नाही तर 'तडा, सरकण दिसली नाही' असं लिहा आणि पुढच्या कापाकडे चला. माझ्या जुन्या वह्यांत अशा नोंदी भ्रंशांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.